सीमाभागातील कौटुंबिक हिंसा आणि एकमेकांशी न बोलणारी कार्यालये

बेळगाव, खानापूर आणि निपाणी तालुक्यांतील मराठी घरांत सोयरीक जुळवताना राज्याची सीमा कोणी विचारात घेत नाही. लेक चंदगडला, गडहिंग्लजला, आजऱ्याला किंवा कागलला दिली जाते, सूनही तिकडूनच आणली जाते, आणि खानापूरच्या पश्चिमेकडील गावांतून गोव्यातही लग्ने होतात. संसार नीट चालला असेल तोवर या सीमेची कोणाला अडचण वाटत नाही. सासरी मारहाण सुरू झाली की मात्र तीच सीमा आडवी येते. मार एका राज्यात बसलेला असतो, जखम दुसऱ्या राज्यातील दवाखान्यात दाखवलेली असते, बाई माहेरी एका पोलीस स्थानकाच्या हद्दीत बसलेली असते आणि नवरा दुसऱ्या राज्याच्या पोलिसांच्या हद्दीत निर्धास्त असतो.

गेली काही वर्षे मी आमच्या भागातील अशा बायकांबरोबर कचेऱ्यांत जात आले आहे. मी वकील नाही आणि सरकारी सेवेतही नाही. मराठी शाळेतील नोकरी संपल्यावर हाती वेळ होता आणि कानडी लिहिता-वाचता येत होते, म्हणून महिला मंडळातील बायका मला सोबत नेऊ लागल्या. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे आणि ते सविस्तर मांडण्यासाठीच हे लिहीत आहे. कायद्यात उणिवा आहेत. परंतु आपल्याकडे बाईचे अधिक नुकसान होते ते तिच्यासाठी नेमलेली कार्यालये एकमेकांशी बोलत नसल्यामुळे. त्यांच्यामधले निरोप पोहोचवण्याचे काम शेवटी त्या मार खाल्लेल्या बाईवरच येऊन पडते.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. तो एकट्या पोलिसांच्या किंवा एकट्या न्यायालयाच्या भरवशावर रचलेला नाही. त्यात बाईला अहवाल, अर्ज आणि निवारा यांसाठी मदत करणारा संरक्षण अधिकारी आहे, नोंदणीकृत सेवाभावी संस्था आहेत, निवारागृहे आहेत, दवाखाने आहेत, पोलीस आहेत आणि या सर्वांच्या वर न्यायदंडाधिकारी आहेत. त्यातील कलम ११ तर सरकारवर असे कर्तव्य टाकते की कायदा, गृह, आरोग्य आणि मनुष्यबळ विकास या खात्यांच्या सेवांमध्ये प्रभावी समन्वय राखला जावा आणि त्याचा वेळोवेळी आढावा घेतला जावा. म्हणजे एकत्र काम करणे हे कोणा चांगल्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नाही, ते कायद्यातच लिहिलेले कर्तव्य आहे.

कर्नाटकात तालुक्याच्या पातळीवर संरक्षण अधिकाऱ्याचे काम बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे, म्हणजे ज्यांना आपण सीडीपीओ म्हणतो त्यांच्याकडे, दिलेले आहे. याच कार्यालयाच्या माथी तालुक्यातील सर्व अंगणवाड्या, पोषण आहार आणि गृहलक्ष्मी योजनेच्या तक्रारी असतात. माहेरी आलेल्या बाईला दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवणारा अधिकारी निष्ठुरच असतो असे मला वाटत नाही. त्याच्या टेबलावर त्या दिवशी इतर खात्यांची दहा कामे असतात. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सर्व राज्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी निश्चित करण्याचे आदेश दिले. कायदा लागू झाल्यानंतर अठरा वर्षांनी असा आदेश द्यावा लागतो, यावरून या पदाकडे किती दुर्लक्ष झाले आहे ते कळते.

प्रश्न किती मोठा आहे हे सरकारच्याच पाहणीत दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कर्नाटकातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा कधीकाळी विवाह झालेल्या स्त्रियांपैकी ४४.४ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२ टक्के होते. त्याच पाहणीनुसार देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती, आणि त्यांतही बहुतेकींनी ती आधी नात्यागोत्यातच मागितली. पोलीस स्थानकाच्या पायरीपर्यंत पोहोचलेली बाई ही अशा अनेकींमधली एखादी असते. तिला तिथून परत पाठवणे म्हणजे मागे राहिलेल्या बाकीच्यांनाही तिच्या तोंडून निरोप पाठवण्यासारखे आहे.

आता एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून गावे आणि तपशील बदलले आहेत. सीमेच्या या बाजूची मुलगी, त्या बाजूला दिलेली, दोन लेकरांची आई. बचत गटाचे कर्ज तिच्या नावावर होते आणि पैसे नवऱ्याने उचलले होते. हप्ता थकल्यावर वाद झाला आणि त्याने तिचा गळा आवळला. शेजाऱ्यांनी सोडवले. पहाटे ती लेकरांना घेऊन वडापने माहेरी आली. सकाळी भावाने तिला दवाखान्यात नेले, तेव्हा तिथल्या कागदावर गळा दुखतो आणि गिळताना त्रास होतो एवढेच लिहिले गेले. गळा का दुखतो हे कोणी विचारले नाही, आणि सासूला फोन जाईल या भीतीने तिनेही सांगितले नाही. तिथून ती पोलीस स्थानकात गेली, तेव्हा घटना पलीकडच्या हद्दीत घडली असल्याने तिकडेच जा, असे उत्तर मिळाले. पलीकडच्या ठाण्यात भावाने फोन केला, तर बाई तिकडे राहायला आली आहे ना, मग तिकडेच तक्रार द्या, असे त्यांनी सांगितले. संरक्षण अधिकाऱ्याच्या कार्यालयात तिसऱ्यांदा सगळे पहिल्यापासून सांगावे लागले, आणि तिथे तिने गळ्याचे सांगितलेच नाही, कारण तोवर तिला वाटू लागले होते की ती बाब कोणाला महत्त्वाची वाटत नाही.

माझ्या मते या प्रसंगातील सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे. ज्या नवऱ्याने एकदा बायकोचा गळा आवळला आहे त्याच्याकडून पुढे तिचा जीव जाण्याचा धोका कितीतरी अधिक असतो, हे कौटुंबिक हिंसेवर काम करणाऱ्या जगभरच्या लोकांना अनुभवाने आणि अभ्यासाने माहीत झालेले आहे. गळ्यावर वळ न उठताही आतून इजा झालेली असू शकते. दवाखान्याला गिळण्याचा त्रास माहीत होता, शेजाऱ्यांना गळा आवळल्याचे माहीत होते, माहेरच्यांना त्याच्या धमक्या माहीत होत्या, आणि नवऱ्याने यापूर्वीही गावात कोणावर तरी कोयता उगारला होता हे पलीकडच्या पोलिसांना माहीत होते. हे चार धागे एकत्र ठेवून पाहिले असते तर ही बाई जिवाच्या धोक्यात आहे हे कोणालाही समजले असते. ते एकत्र पाहणारे टेबलच कुठे नव्हते.

ब्रिटनमध्ये नेमके हेच टेबल तयार करण्यात आले. २००३ साली कार्डिफ शहरात पोलीस, आरोग्य सेवा, बालसंरक्षण, घरे पुरवणारा विभाग, शिक्षा भोगून सुटलेल्यांवर देखरेख ठेवणारे अधिकारी आणि पीडितेच्या बाजूने बोलणारी स्वतंत्र कार्यकर्ती अशा सर्वांची बैठक ठरावीक काळाने घेण्याची पद्धत सुरू झाली. तिला मॅरॅक म्हणतात, आणि पुढे ती त्या देशात सर्वत्र पसरली. बैठकीत सगळीच प्रकरणे येत नाहीत. ठरलेल्या प्रश्नावलीवरून ज्यांच्या जिवाला जास्त धोका दिसतो अशाच बायकांची प्रकरणे येतात. गळा आवळला का, गरोदरपणात मारले का, ती नुकतीच घर सोडून निघाली आहे का, तो पाठलाग करतो का, हत्यार दाखवले का, असे ते प्रश्न आहेत. प्रत्येक खाते आपल्याकडे असलेली माहिती टेबलावर ठेवते आणि कोणी काय करायचे ते तिथेच ठरते. बाईला त्या बैठकीत यावे लागत नाही, तिचे म्हणणे तिची कार्यकर्ती मांडते. नवऱ्याला तर बैठकीची चाहूलही लागू दिली जात नाही. त्याआधी अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या डुलुथ शहरात १९८१ पासून पोलीस, न्यायालय आणि स्त्रियांच्या संस्था यांनी एका ठरलेल्या रीतीने काम करण्याचा पायंडा पाडला होता. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर मुंबईचे आहे. तिथे १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्याच आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, आणि त्यात प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसू लागल्या. ती पद्धत नंतर महाराष्ट्रातील इतर जिल्ह्यांत गेली.

यांतली एकही गोष्ट जशीच्या तशी उचलून बेळगावात आणता येणार नाही. परंतु लागणारे बहुतेक साहित्य आपल्या कायद्याच्या नियमांत आधीच आहे, आणि ते वापरले जात नाही याचे मला दुःख होते. २००६ च्या नियमांत घरगुती घटनेच्या अहवालाचा नमुना आहे, ज्यात मारहाणीपासून पैसे अडवण्यापर्यंत सर्व प्रकार वेगवेगळे विचारलेले आहेत. त्याच नियमांत सुरक्षा आराखड्याचा नमुना आहे, ज्यात बाईला कशाची भीती वाटते आणि त्यावर कोणता उपाय करायचा हे तिच्याशी बोलून भरायचे असते. तो नीट भरला तर ब्रिटनमधील प्रश्नावलीचे अर्धे काम तिथेच होते. दवाखान्यासाठीही स्पष्ट नियम आहे: अहवाल आधी झालेला नाही म्हणून उपचार नाकारायचे नाहीत, अहवाल झालेला नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखाने तो स्वतः भरून स्थानिक संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा, आणि तपासणीच्या अहवालाची प्रत बाईला विनामूल्य द्यायची. वरच्या प्रसंगात हा एक नियम पाळला गेला असता तर बाई पुढच्या प्रत्येक दारात जाण्यापूर्वी तिचा कागद तिथे पोहोचला असता.

हद्दीच्या प्रश्नावर तर कायद्याने संशयाला जागाच ठेवलेली नाही. या कायद्याच्या कलम २७ नुसार बाई जिथे कायमची किंवा तात्पुरती राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि त्यांनी दिलेला आदेश संपूर्ण भारतात लागू होतो. फौजदारी गुन्ह्याबाबत, म्हणजे पूर्वीचे कलम ४९८ अ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८५, सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये रूपाली देवी प्रकरणात ठरवून दिले आहे की सासरी झालेल्या छळामुळे बाई माहेरी आश्रयाला आली असेल तर तिथेही खटला चालू शकतो, कारण छळाचे मानसिक परिणाम ती तिथे भोगतच असते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावी लागते आणि तिची प्रत खबर देणाऱ्याला विनामूल्य द्यावी लागते. त्यामुळे "तिकडे जा" हे उत्तर पोलीस स्थानकात मिळाले तर ते कायद्याला धरून नाही, हे माहेरच्या माणसांनी न भांडता पण ठामपणे सांगावे.

भाषेचा प्रश्न मी शांतपणे मांडू इच्छिते, कारण आपल्याकडे त्याला लगेच दुसरे वळण लागते. येथील पोलीस स्थानकात आणि न्यायालयात कागद कानडीत तयार होतो; तोच कागद कोल्हापूर जिल्ह्यातील ठाण्यात गेला की तिथे तो वाचणारा कोणी नसतो, आणि तिकडचा मराठी कागद इकडच्या कार्यालयात आला की त्याचे भाषांतर मागितले जाते. हा खर्च आणि हा विलंब कोणी करायचा याचा निर्णय कोणाकडेच नसल्याने तो बाईच्या भावावर पडतो. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे जबाबाची. बाई मराठीत सांगते, हवालदार कानडीत लिहितो, आणि तिने ज्यावर अंगठा किंवा सही केली त्यात नेमके काय लिहिले आहे हे तिला माहीत नसते. लिहिलेली खबर वाचून दाखवली जावी हा तिचा हक्क आहे, आणि ती तिला समजेल अशा भाषेत सांगितली गेली तरच त्या वाचनाला अर्थ आहे. हक्कांची माहिती देणारा नमुनाही इंग्रजीत किंवा स्थानिक भाषेत द्यावा असे नियम सांगतात. खानापूर तालुक्यातील बाईसाठी ती भाषा बहुधा मराठीच असणार. मराठी आणि कानडी दोन्ही जाणणारी एक विधी स्वयंसेविका सखी केंद्रात, म्हणजे हिंसा सोसलेल्या बायकांच्या सरकारी मदत केंद्रात, आणि न्यायालयाच्या आवारात ठरलेल्या दिवशी बसवली तर या प्रश्नाचा मोठा भाग सुटेल, आणि त्यासाठी कोणत्याही चळवळीची वाट पाहावी लागणार नाही.

सखी केंद्रांबद्दल मी आशेने बोलते. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत एकाच छताखाली उपचार, पोलिसांची मदत, कायद्याचा सल्ला, समुपदेशन आणि पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा मिळावा अशी कल्पना आहे, आणि १८१ ही हेल्पलाइन तिला जोडलेली आहे. अडचण अंतराची आहे. कणकुंबीच्या बाजूच्या बाईला बेळगाव गाठेपर्यंत दिवस निम्मा होतो. कर्नाटकच्या बसमध्ये बायकांना तिकीट लागत नाही हे खरे, पण तिच्या आधार कार्डावर सासरचा महाराष्ट्रातील पत्ता असेल तर ती सवलत तिला मिळत नाही. म्हणून पहिली हालचाल गावातच व्हावी लागते, आणि ती करणारी माणसे अंगणवाडी शिक्षिका आणि आशा ही आहेत. कोणत्या घरात काय चालले आहे हे त्यांना सर्वांच्या आधी कळते. कायद्याच्या कलम ४ नुसार हिंसा झाली आहे किंवा होण्याची शक्यता आहे असे वाटण्यास कारण असेल तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकतो आणि सद्भावनेने दिलेल्या खबरीबद्दल त्याच्यावर कारवाई होऊ शकत नाही. हे मी अनेक आशांना सांगितले तेव्हा त्यांना प्रथमच कळले. गावच्या पुढाऱ्याच्या घरातली खबर देताना त्यांना वाटणारी भीती कायद्याच्या एका कलमाने जाणार नाही, हेही मी जाणते. म्हणून खबर कोणी दिली हे गुप्त ठेवण्याची जबाबदारी वरच्या कार्यालयाने मनापासून घ्यायला हवी.

एकत्र येण्याचा एक घातक प्रकारही आपल्याकडे चालतो, आणि त्यावर मला स्पष्ट बोलायचे आहे. भावकी, गावचे पंच आणि कधी कधी स्थानकातील साहेबही मिळून बैठक बसवतात, नवऱ्याकडून कागदावर माफी लिहून घेतात आणि बाईला नांदायला पाठवतात. त्या कागदाची नोंद कुठल्याही खात्यात नसते. पुढच्या वेळी मारहाण झाली की तीच बाई पुन्हा पहिल्या पायरीवर उभी असते, आणि आता नवऱ्याला हेही समजलेले असते की तिने बाहेर सांगितले. बाईला स्वतःला परत जायचे असेल तर तो तिचा निर्णय आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. तरी त्यापूर्वी घटनेचा अहवाल झालेला असावा, सुरक्षा आराखडा भरलेला असावा आणि तिकडच्या अंगणवाडी शिक्षिकेला तिच्याकडे लक्ष ठेवण्यास सांगितलेले असावे. तिला नवऱ्यासमोर बसवून "तुझे म्हणणे सांग" असे विचारण्यात काहीही अर्थ नाही.

धोका सर्वांत जास्त असतो तो ती घर सोडते तेव्हा आणि त्याच्या हाती न्यायालयाची नोटीस पडते तेव्हा. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातील कलम १२ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे केलेल्या अर्जाची पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत असावी, अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा आणि नोटीस दोन दिवसांत बजावली जावी असे कायदा म्हणतो. राज्याबाहेर नोटीस पोहोचण्यास यापेक्षा किती वेळ जातो हे इथल्या प्रत्येक वकिलाला ठाऊक आहे. ती केव्हा पोहोचणार हे कोणी माहेरच्या हद्दीतील पोलिसांना कळवत नाही. वर सांगितलेल्या प्रसंगात नवरा नोटीस मिळाली त्याच रात्री मोटारसायकलवरून माहेरच्या दारात आला होता. आमच्यापैकी दोघींनी आधीच स्थानकात लेखी कळवले असल्यामुळे गस्तीची गाडी तिथे आली. बेळगाव शहर व तालुका पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत आहे, खानापूर आणि निपाणी जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे आहेत आणि सीमेपलीकडे कोल्हापूरचे पोलीस अधीक्षक आहेत. या तिघांच्या कार्यालयांतील एकेक अधिकारी, दोन्ही बाजूंचे संरक्षण अधिकारी, सखी केंद्राच्या प्रमुख, सरकारी दवाखान्यातील एक डॉक्टर आणि जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाचा प्रतिनिधी महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसले आणि केवळ जिवाच्या धोक्यातील प्रकरणे पाहिली, तर मोठा फरक पडेल. पैसा लागणार नाही. आंतरराज्य गुन्हेगारीसाठी दोन्ही बाजूंचे पोलीस भेटतातच. त्या भेटीत हा विषय येण्यास काही अडचण असू नये. या मागणीचे निवेदन आम्ही मराठी, कानडी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत तयार करत आहोत.

ते होईपर्यंत एक बारीक गोष्ट वकिलांच्या आणि माहेरच्या लोकांच्या ध्यानात आणून द्यायची आहे. संरक्षण आदेश, म्हणजे नवऱ्याला हिंसा करण्यास मनाई करणारा न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश, मोडणे हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण आदेशाची प्रत कोणाला द्यायची हे सांगणारे कलम २४ नीट वाचले तर ती दोन्ही पक्षांना, ज्या न्यायालयात अर्ज केला त्याच्या हद्दीतील पोलीस स्थानकाला आणि तिथल्याच सेवाभावी संस्थांना जाते. सीमेपलीकडे जिथे नवरा राहतो तिथल्या ठाण्याचा त्यात उल्लेख नाही. म्हणून अर्जातच अशी विनंती लिहावी की आदेशाची प्रत नवऱ्याच्या गावच्या ठाण्याला आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्यालाही पाठवावी, आणि तिच्यासोबत मराठी भाषांतर जोडावे. नवरा कारखान्यात नोकरीला असेल तर कलम २० खाली पोटगीची रक्कम थेट मालकाने पगारातून द्यावी अशीही मागणी त्याच अर्जात करता येते. वकील परवडत नसेल तर उत्पन्न कितीही असले तरी प्रत्येक स्त्रीला कायदा सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. त्यासाठी १५१०० या क्रमांकावर फोन करावा. आदेश हाती आल्यावर त्याच्या प्रती किमान चार काढाव्यात, आणि पलीकडच्या ठाण्यात दिलेल्या प्रतीवर तारखेसह पोचपावती घेतल्याशिवाय परतू नये.